दादरचा रविवारचा वर्ग : ‘स्टे’ म्हणजे कायम नव्हे

इंग्रजी बातम्यांतील फसव्या क्रियापदांविषयीचा एक वर्ग दादर पश्चिमेला चार रविवार भरतो. त्याला मी २,४०० रुपये भरून गेलो होतो. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरावरून मराठी बातम्या करणे हे माझे रोजचेच काम असल्यामुळे नवे काही हाती लागेल असे वाटत नव्हते. तो भ्रम पहिल्याच तासाला उतरला.

उच्च न्यायालयाने आदेश ‘स्टे’ केला, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य शिक्षकांनी फळ्यावर लिहिले आणि त्याचे मराठी करायला सांगितले. निम्म्याअधिक जणांनी ‘आदेश कायम ठेवला’ असे लिहिले, म्हणजे ज्या आदेशाला स्थगिती मिळाली तोच आम्ही कायम करून छापला असता. कायम ठेवण्यासाठी ‘अपहोल्ड’, रद्दबातल ठरवण्यासाठी ‘क्वॅश’ आणि निकाल राखून ठेवण्यासाठी ‘रिझर्व्ह’, हे त्यांनी एका चाळीच्या पुनर्विकासाचा काल्पनिक खटला तारखेमागून तारखेला पुढे नेत समजावले. पैसे तिथेच वसूल झाले.

भारतीय संसदेच्या बातमीत ‘टेबल’ म्हणजे सभागृहात मांडणे, तर अमेरिकी काँग्रेसच्या बातमीत तेच क्रियापद विषय बाजूला सारण्यासाठी येते. आपल्याकडे कागदपत्रे ‘पटलावर’ ठेवली जातात, तेव्हा पहिला अर्थ मराठी माणसाला तरी अवघड जाऊ नये. पालिकेने निधी ‘सँक्शन’ केला तर तो मंजूर झाला आणि वॉशिंग्टनने एखादी कंपनी ‘सँक्शन’ केली तर तिच्यावर निर्बंध आले. ‘मल’ (विचार करणे), ‘स्लॅम’ (सडकून टीका करणे) ही मथळ्यांतली आखूड क्रियापदे दहा मिनिटांत उरकली, ते योग्यच झाले.

‘रिफ्यूट’ (पुराव्यानिशी खोडून काढणे) आणि ‘डिनाय’ (नुसते नाकारणे) या दोन्हींसाठी ‘नाकारणे’ चालेल, हे शिक्षकांचे मत मात्र मला पटले नाही. मंत्र्याने आरोप नाकारले एवढेच घडले असताना ते त्याने पुराव्यानिशी खोडून काढले असे सुचवणारे क्रियापद मूळ मजकुरात आले असेल, तर उपसंपादकाने थांबून पुढचा परिच्छेद वाचायला हवा. मी हे विचारले, तेव्हा वेळ संपल्याचे उत्तर मिळाले.

टिपणांच्या झेरॉक्स प्रती इतक्या पुसट होत्या की ‘स्टे’ आणि ‘स्टेट’ यांतला फरक चष्म्यानेही दिसेना. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी प्रवेश घेतानाच पीडीएफ मागून घ्यावी.