सणांचा बॉक्स वर्षभर वापरला, आता लिहितेय

पहिल्याच दिवशी बॉक्स उघडून पाच स्टार देणं सोपं असतं म्हणून मुद्दाम वर्षभर थांबले. 2,400 रुपयांना घेतला, आत सहा सणांची सहा सीलबंद पाकिटं, प्रत्येकात एक गोष्टीचं कार्ड, हाताने काहीतरी करायचं सामान आणि आईबाबांसाठी एक वेगळा कागद. माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. मुलीचं इतिहास म्हणजे सनावळी पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची हे आत्तापासूनच सुरू झालंय, ते बघवत नव्हतं म्हणून घेतला खरंतर.

सगळ्यात भारी ईदचं पाकीट. त्यात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आहेत, एकावर एक ठेवून मधे पिन लावायची, खालच्या चकतीवर आपले ऋतू आणि वरच्यावर चंद्राचे महिने. चंद्राचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, आणि आपले महिनेही चंद्राचेच पण दर तीनेक वर्षांनी अधिक महिना टाकून आपण ते जागेवर आणतो म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. अहो हे मला स्वतःला इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं! मुलगा चकती फिरवत म्हणाला म्हणजे ईद पावसात पण येणार आणि थंडीत पण? मग खालच्या भाभींकडे शीरखुर्मा खायला गेलो तेव्हा चकती सोबत घेऊन गेला, त्या म्हणाल्या माझ्या लहानपणी रोजे ऐन थंडीत असायचे, दिवस लहान म्हणून सोपे जायचे. त्याने तिथेच चकती मागे फिरवून बघितलं, जुळलं.

दिवाळीला राजगड. माती आपली आपण आणायची (सोसायटीच्या मागून दोन बादल्या आणल्या), पाकिटात अळीव, मावळे आणि गडाचा नकाशा. नकाशा मनापासून केलाय, पद्मावती, सुवेळा, संजीवनी तिन्ही माच्या आणि मधे बालेकिल्ला, त्यामुळे नुसता मातीचा ढीग न होता पोरांनी खरंच एकेक माची ओढून काढली आणि चार-पाच दिवसांनी संजीवनीवर अळीव उगवला तेव्हा मुलगा उठल्या उठल्या बाल्कनीत. पाच मावळ्यांपैकी दोन मोडलेले निघाले. फोन केल्यावर कुरकुर न करता दुसरे पाठवले पण ते आले भाऊबीजेनंतर, म्हणजे पोरांच्या दृष्टीने काय उपयोग. 2025 मधे युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांची नावं कार्डावर आहेत, त्यात 11 महाराष्ट्रातले आणि एक जिंजी. मुलीने लगेच विचारलं तामिळनाडूतला किल्ला आपल्यात कसा, आणि मग रायगड धोक्यात आल्यावर राजाराम महाराज तिकडे कसे गेले, 1698 पर्यंत जिंजीने मोगलांना कसं झुंजवलं हे सगळं माती कालवता कालवता सांगून झालं. पेपरात येवो न येवो, तिला हे राहणार.

दसऱ्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी छापलंय, एकीकडे आपट्याची पानं आणि शिलंगण, दुसरीकडे 14 ऑक्टोबर 1956, नागपूर, बाबासाहेबांची धम्मदीक्षा. त्या वर्षी दसरा त्याच दिवशी होता. असं एकाच कार्डावर छापल्याबद्दल मनापासून धन्यवाद. गुढीपाडवा ठीकठाक.

ख्रिसमसला मात्र निराशा झाली. कापसाचा बर्फ, सांता, घसरगाडी. अरे वसई इतकी जवळ असताना बर्फ कशाला? तिथल्या ख्रिस्ती बायकांची लाल लुगडी आहेत, त्यांची सामवेदी बोली आहे, पोर्तुगीजांचा इतिहास आहे, 1739 मधे चिमाजी आप्पांनी घेतलेला किल्ला आहे. गोव्यात नाताळला नेवऱ्या करतात, म्हणजे आपल्या करंज्याच की, ते एवढं जरी सांगितलं असतं तरी पोरांनी डोळे मोठे केले असते.

यहुदी सणाच्या पाकिटातही तसंच, हनुक्काचा (त्यांचा दिव्यांचा सण) कागदी दिवा आणि सगळी परदेशातली चित्रं. तो आम्ही चिकटवत बसलो होतो आणि माझी आई, जी अलिबागची आहे, बाजूला मटार सोलत होती, ती म्हणाली आमच्याकडचे यहुदी तर मराठीच बोलायचे गं. मग ती जी सुरू झाली! ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे, आडनावं किहीमकर, नवगावकर, पेणकर अशी गावांवरून, नवीन वर्षाला नव्याचा सण म्हणायचे आणि एका उपासाच्या सणाला बिरडं करायचे म्हणून तो बिरड्याचा सण. मुलगी म्हणाली बिरडं? आपलं वालाचं? हो, आपलं वालाचं.

नवस फेडताना ते एलियाहू हनाबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात, तो आईने लहानपणी खाल्लेला. दुसऱ्या दिवशी तिने केला, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे आणि वर फळांच्या फोडी. मुलीने त्या हनुक्काच्या कार्डाच्या मागे पेन्सिलने कृती लिहून घेतलीय आणि वर शनवार तेली असं मोठ्ठं नाव दिलंय. बहुतेक कुटुंबं 1948 नंतर इस्रायलला गेली हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली त्यांचे घाणे कोणी घेतले? आईला उत्तर देता आलं नाही.

तर माझ्याकडून चार स्टार. सहा ते अकरा वयाला योग्य, दिवाळीच्या निदान महिनाभर आधी मागवा आणि आल्या आल्या मावळे मोजून घ्या. घरात आजी-आजोबा असतील तर पाकीट त्यांच्यासमोरच उघडा. आणि बॉक्स बनवणाऱ्यांनो, पुढच्या वेळी यहुदी आणि ख्रिसमसची पाकिटं बदलणार असाल तर कळवा, आईची मलिद्याची कृती फोटो काढून पाठवते.