ऑस्ट्रेलियाची नागरिकत्व परीक्षा: पुस्तिका की ॲप?

परीक्षेत ४५ मिनिटांत २० प्रश्न, त्यांतले १५ बरोबर हवेत. राष्ट्रफूल, ध्वज, १९०१ साली वसाहतींचं झालेलं संघराज्य, असली माहिती ॲपवर ट्रेनमध्ये बसूनही पाठ होते.

पण पाच प्रश्न ऑस्ट्रेलियन मूल्यांवर असतात आणि ते पाचही बरोबर यावे लागतात. एकूण १९ उत्तरं बरोबर आली, तरी यातलं एक चुकलं की नापास! अभिव्यक्तिस्वातंत्र्य, स्त्री-पुरुष समानता हे विषय समजूनच घ्यावे लागतात. नुसते पर्याय पाठ केले, तर शब्दरचना बदलताच गोंधळ उडतो. ‘अवर कॉमन बाँड’ ही सरकारी पुस्तिका मोफत मिळते आणि परीक्षा तिच्यावरच बेतलेली असते. म्हणून आधी तीच वाचा, मूल्यांचा भाग तर दोनदा. ॲप नंतर, उजळणीपुरतं. मूल्यांचे प्रश्न नोव्हेंबर २०२० मध्ये आले. त्याआधीचे प्रश्नसंच घेऊच नका.