आच वेगळी, धूर वेगळा: इलेक्ट्रिक स्मोकर वापरल्याचे चौदा महिने

हा स्मोकर, म्हणजे मांस मंद आचेवर धुरात शिजवायचं कपाट, घेतल्यावर पहिल्या महिन्यात कुणी मत विचारलं असतं, तर 'घेऊ नका' असं मी सरळ सांगितलं असतं. आज चौदा महिन्यांनंतर त्यात महिन्यातून तीन-चार वेळा मांस शिजतं आणि घरात कुणाचा वाढदिवस असला की आधी स्मोकरमध्ये काय ठेवायचं हे ठरतं. मात्र आज मी जो वापरतो तो दुकानातून आणलेला स्मोकर राहिलेला नाही. काय बदललं आणि का बदललं, ते सविस्तर सांगतो.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकला. इथून तासाभरावर लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने १९९९ साली त्याला 'टेक्सासची बार्बेक्यू राजधानी' म्हणून मान दिला. तिथलं क्राइट्स मार्केट हे बार्बेक्यूचं दुकान १९०० सालचं. एकोणिसाव्या शतकात या भागात आलेले जर्मन आणि चेक खाटीक दुकानात उरलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून धुरावर ठेवायचे, त्यातून मध्य टेक्सासची ही पद्धत उभी राहिली. पोस्ट ओकचं लाकूड, मीठ-मिरी, मंद आच आणि दहा-बारा तास. कागदावर वाढलेलं ते मांस पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला गावाकडच्या चुलीवरच्या मटणाची आठवण झाली. मसाल्यात काहीच साम्य नव्हतं, पण त्या धुराच्या वासाने घर आठवलं.

लाकडाच्या खऱ्या स्मोकरला मात्र दर पाऊण-एक तासाने ओंडका घालावा लागतो. घरात दोन लहान मुलं आणि दोघांच्याही नोकऱ्या, त्यामुळे रात्रभर जागणं शक्य नव्हतं. म्हणून इलेक्ट्रिक घेतला: फ्रिजसारखं उभं, दुहेरी भिंतीचं कपाट, आत चार जाळ्या, तळाशी ८०० वॉटची कॉइल, वर आकड्यांचा पडदा. किंमत साधारण अडीचशे डॉलर. तापमान लावा, बाजूच्या नळीतून लाकडाचे ढलपे टाका आणि झोपा, असं जाहिरातीत म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी रिकामाच २७५ अंश फॅरनहाइटवर तीन तास चालवला, आतलं कारखान्यातलं तेल जळून जावं म्हणून. दुसऱ्या दिवशी डुकराच्या खांद्याचा आठ पौंडांचा तुकडा ठेवला. चौदा तासांनी मांस बोटाने सुटत होतं, रसाळ होतं, पण धुराचा वास जेमतेम. ओव्हनमध्ये केलं असतं तरी असंच झालं असतं. पुढच्या खेपेला ढलपे जास्त टाकले, त्यानंतर भिजवून टाकले. भिजवल्याने तर आणखी बिघडलं. आधी नुसती वाफ आणि नंतर गचकन पांढराफटक, डोळे झोंबवणारा धूर. त्या दिवशीची कोंबडी कडू लागली.

कारण समजायला महिना गेला, आणि ते कारणच या सगळ्या अनुभवाचा गाभा आहे. या स्मोकरमध्ये एकच कॉइल दोन कामं करते. कपाटही तापवायचं आणि ढलप्यांची पेटीही जाळायची. कपाट २२५ अंशांना पोचलं की कॉइल बंद पडते आणि बंद पडली की ढलपे विझतात. भिंती जितक्या चांगल्या तितका कॉइलला विसावा जास्त आणि धूर कमी. म्हणजे कपाट जितकं उत्तम, तितका तो स्मोकर म्हणून निकामी. चुलीत आच आणि धूर एकाच लाकडातून येतात, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही. इथे आच विजेची आहे, तर धुराची सोय वेगळी करायलाच हवी.

ती सोय इथले अनेक जण टपालपेटीने करतात. घराबाहेर खांबावर असते तीच पत्र्याची, वरून अर्धगोल टपालपेटी. हार्डवेअरच्या दुकानात वीस डॉलरला मिळाली. कपड्यांच्या ड्रायरला लावतात तो तीन इंची ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप तीन फूट घेतला. स्मोकरची ढलपे टाकायची नळी काढली, तिच्या भोकात पाइपचं एक टोक आणि पेटीच्या मागच्या बाजूला कापलेल्या भोकात दुसरं. पेटीच्या दाराला खाली हवेसाठी अर्ध्या इंचाची सहा भोकं पाडली. पेटीत जाळीदार स्टीलची नागमोडी ट्रे ठेवायची, तिच्यात दाबलेल्या भुशाच्या गोळ्या भरायच्या. पेलेट म्हणतात त्यांना. एका टोकाला गॅसच्या टॉर्चने पेटवायचं, दहा मिनिटं ज्योत राहू द्यायची, मग फुंकून विझवायची. निखारा त्या नागमोडी वाटेने उदबत्तीसारखा सरकत जातो. शिगोशिग भरलेली ट्रे माझ्याकडे दहा तास टिकते.

हीच ट्रे मी आधी थेट कपाटात ठेवून पाहिली होती, तर ती दोनदा विझली. मांसाची वाफ कोंडलेली आणि हवा कमी, त्यात निखारा कसा जगणार? बाहेरच्या पेटीत त्याला मोकळी हवा मिळते. पेटी स्मोकरच्या भोकापेक्षा खाली ठेवली आणि स्मोकरचं वरचं, धूर बाहेर जायचं झाकण पूर्ण उघडं ठेवलं की गरम हवा वर जाताना धूर आपोआप ओढून घेते. शिवाय तीन फुटांच्या पाइपमध्ये धूर थोडा निवतो आणि त्यातला काळा, डांबरासारखा कडू अंश पाइपच्या भिंतीला चिकटून राहतो. तो मांसावर येत नाही. दोन महिन्यांनी पाइप उघडून बोट फिरवलं तेव्हा हे माझ्या मांसावर बसत होतं या विचाराने अंगावर काटा आला.

पेलेट घेताना तेवढं जपा. घर तापवायच्या शेगडीचे पेलेट स्वस्त असतात, पण ते खाण्यासाठी नाहीत. त्यांत चीडसारखं मऊ, राळेचं लाकूड असू शकतं. स्वयंपाकाचेच घ्या. मी मोठ्या मांसाला हिकरी आणि कोंबडीला सफरचंदाचं लाकूड वापरतो. मेस्कीट एकदाच वापरलं, दहा तासांच्या शिजवणीला ते फार उग्र होतं. इथल्या दमट सकाळी पेलेट ओल धरतात, म्हणून भरायच्या आधी ओव्हनमध्ये थोडा वेळ सुकवून घेतो.

आता धूर हवा तसा येऊ लागला. पातळ, निळसर, उजेडात धरलं तरच दिसेल असा. पांढरा दाट धूर दिसला की काहीतरी चुकतंय असं समजायचं.

मग तापमान. पडद्यावरच्या आकड्यावर पहिल्यापासून विश्वास बसत नव्हता. दोन काड्यांचा वेगळा थर्मामीटर आणला, तो आधी बर्फाच्या पाण्यात ३२ आणि उकळत्या पाण्यात २१२ दाखवतो याची खात्री केली आणि एक काडी जाळीला लावली. पडदा २२५ म्हणत होता तेव्हा आत कधी २०५, कधी २६०. पुन्हा तेच: कॉइल पूर्ण जोरात चालते, आकडा आला की बंद होते, पण लालबुंद कॉइल बंद झाल्यावरही तापवतच राहते, म्हणून पारा पुढे पळतो. एवढ्या चढउतारात खांद्याचं मांस निभावतं, मासा निभावत नाही.

हे जमेल तसं चालवत होतो, तोवर सातव्या महिन्यात रात्री अकराला पडदा चालू पण कपाट गार. आत साडेसात पौंडांचा खांदा, मधलं तापमान १४५. मांस ४० ते १४० अंशांमध्ये रेंगाळू द्यायचं नाही हे माहीत होतं, म्हणून लगेच घरातल्या ओव्हनमध्ये २५० वर टाकलं. जेवण वाचलं. सकाळी प्लग काढून स्मोकर आडवा केला, मागचे रिव्हेट ड्रिलने काढले, तर कॉइलच्या टोकाला जोडलेली वायरची खोबणी (कनेक्टर) काळी पडून भुगा झाली होती. साधी पितळी खोबणी, जिथे रोज तापतं तिथे. कंपनीला फोटो पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आलं की मागची बाजू उघडल्यामुळे वॉरंटी संपली. मला याचा खरंच राग आला. तो जोड तपासायला तिथे साधं झाकणसुद्धा ठेवलेलं नाही, उघडल्याशिवाय माणसाने पाहायचं तरी कसं? हा दोष या पद्धतीच्या अनेक स्मोकरमध्ये दिसतो, म्हणून सांगतो: घ्यायच्या आधी मागे झाकण आहे का ते बघा.

नवी खोबणी जास्त उष्णता सोसणारी, निकेल चढवलेल्या स्टीलची घातली आणि पक्कडीने घट्ट दाबली. सैल जोड तापतो, तापलेला जोड आणखी सैल होतो, हे एवढंच त्यामागचं कारण. उघडलंच आहे तर तापमान सांभाळणारा मूळ कंट्रोलरही बाजूला काढला आणि पीआयडी कंट्रोलरची तयार पेटी बसवली, दीडशे डॉलरची. भाताला उकळी यायच्या आधीच आच कमी करणारा सरावाचा हात असतो ना, तसं हे यंत्र वागतं: आकडा जवळ आला की कॉइलला वीज छोट्या छोट्या झटक्यांत देतं. पहिल्यांदा त्याला कपाटाची सवय लावून द्यावी लागते, तो दीड तास घेतो. आता २२५ लावलं की २२३ ते २२७ च्या बाहेर जात नाही. मागची अतितापाची सुरक्षा कळ मात्र काढू नका. माझी वायर अजूनही तिच्यातूनच जाते. विजेच्या कामाची सवय नसेल तर हा भाग जाणकाराकडून करून घ्या. आणि एक्स्टेन्शनची वायर जाड घ्या, १२ गेजची.

आता खाण्याचं. खांदा उत्तम होतो, पण १६० अंशांच्या आसपास पारा चार-चार तास हलत नाही, तेव्हा घाबरून आच वाढवू नका. मांसाला सुटलेलं पाणी वाफ होऊन जाताना त्याला गार ठेवतं, माठातलं पाणी गार राहतं तसंच. मी त्या वेळी कागदात गुंडाळतो आणि २०० ला काढतो, मग तासभर टॉवेलमध्ये. कोंबडीच्या तंगड्या दही, आलं-लसूण आणि कांदा-लसूण मसाल्यात रात्रभर ठेवून २७५ वर करतो. मांस आतून १६५ झालं की शिजलं, पण कातडं रबरासारखं राहतं. कपाटात ओल असते आणि वरून कोरडी धग नसते, त्याला इलाज नाही. शेवटची पाच मिनिटं गॅसच्या ग्रिलवर टाकतो. पाण्याचं भांडं मी कोरडंच ठेवतो. या कपाटात वाफ मुळातच पुरेशी असते.

सगळ्यात आवडलं ते बोकडाचं मटण. दुकानातून खांद्याचे मोठे तुकडे आणले, मीठ-हळद लावून दोन तास २२५ वर नुसते धुरावर ठेवले आणि मग पातेल्यात घालून नेहमीसारखा तांबडा रस्सा केला. आई तेव्हा कोल्हापूरहून आली होती. एक घोट घेऊन ती म्हणाली, "अरे, कोळशाची धुरी कधी दिलीस?" वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडतो ती धुरी. तिला दिलीच नव्हती म्हटल्यावर तिने उठून पातेल्यात डोकावून पाहिलं. त्यानंतर तिनेच सुचवलं म्हणून सुक्या ब्याडगी मिरच्या कॉइल न लावता नुसत्या धुरावर ठेवल्या, तासभर. त्यांची लसणाची चटणी घरात आठवडाभरही टिकली नाही. आच आणि धूर वेगळे केल्याचा हा मोठा फायदा. थंडीत चीजही असंच करता येतं.

वांग्याचं भरीत मात्र इथे होत नाही. तीन वेळा करून पाहिलं. वांगं मऊ पडतं, पण साल करपत नाही आणि भरताची चव तर त्या करपण्यातच आहे. ते गॅसवर किंवा निखाऱ्यावरच करा. ब्रिस्केटच्या (गाईच्या छातीच्या मांसाच्या) कडेला दिसते ती गुलाबी किनारही फारशी येत नाही. लाकूड पेटतं तेव्हा निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, जाऊन मिळतो तेव्हा ती बनते, आणि धुमसणाऱ्या पेलेटमध्ये तो वायू कमी. चवीत त्याने फरक पडत नाही, पण इथले लोक ती किनार शोधतात.

वीज फार लागत नाही. मीटर लावून पाहिलं तर बारा तासांच्या शिजवणीला साडेचार युनिट. सगळं मिळून खर्च पावणेपाचशे डॉलरच्या घरात गेला. ज्यांना काही उघडायचं-जोडायचं नाही त्यांनी हा घेऊ नये, त्याच पैशांत पेलेटचा तयार ग्रिल बघावा. ज्यांच्याकडे अर्ध्या दिवसाचं काम करायची तयारी आहे, त्यांनी निदान टपालपेटी तरी बसवाच. कंट्रोलर बदलायला मूळचा बिघडेपर्यंत थांबलात तरी चालेल.

दाराचं सील खालच्या उजव्या कोपऱ्यात आता दबलंय. तिथून धूर गळतो आणि दारावर तपकिरी ओघळ येतात. दर वेळी कोमट पाण्याने पुसतो, साबण किंवा घासणी लावत नाही. नवीन सील मागवलंय, शनिवारी बसवेन.