पोलो जीटीला टायर कोणते आणि स्प्रिंग किती खाली?

फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातली पोलो २०२२ मध्ये थांबली, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात जीटी टीएसआय या टर्बो पेट्रोल मॉडेलला गिऱ्हाईक अजून टिकून आहे. घेणारा बहुधा पंचविशी-तिशीतला असतो. गाडी रोज ऑफिसला जाते, शनिवार-रविवारी ताम्हिणी किंवा वरंधा घाटात. चाकाच्या वर कमानीत दिसणारी मोकळी जागा त्याला पहिल्या दिवसापासून खुपते. म्हणून तो आधी लोअरिंग स्प्रिंगची, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगची, चौकशी करतो आणि मागच्या मालकाने घातलेले स्वस्तातले टायर ‘अजून वर्षभर जातील’ म्हणून ठेवतो. हा क्रम उलटा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिला पैसा टायरवर, दुसरा शॉकअपवर, तिसरा स्प्रिंगवर. गाडी खाली घ्यायचीच असेल तर २५ ते ३० मिलिमीटर. ४० मिलिमीटरचे संच फोटोत देखणे दिसतात, पण पुणे-मुंबई-नाशिकच्या रोजच्या वापराला आमच्याकडून त्यांची शिफारस नाही.

आधी टायरचा आकार. १८५/६० आर१५ मध्ये १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. सुरुवातीच्या जीटीला १८५/६० आर१५ येत असे, नंतरच्या गाड्यांना १९५/५५ आर१६. पहिल्याचा व्यास साधारण ६०३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१. म्हणजे कंपनीनेच दोन आकारांत तीन टक्क्यांचा फरक चालवून घेतला आहे, आणि कमानीत किती जागा आहे याचा अंदाज त्यावरूनच येतो. पंधरा इंची रिम ठेवणाऱ्याने १९५/६० आर१५ घ्यावा. व्यास ६१५, बाजूची भिंत १११ वरून ११७ मिलिमीटर होते, खड्ड्यात रिम वाचते आणि रबरही थोडे रुंद मिळते. स्पीडोमीटर १०० दाखवील तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन टक्के जास्त वेगात असेल. बहुतेक स्पीडोमीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे हा फरक त्यातच जिरतो. १९५/५५ आर१५ मात्र टाळा. भिंत कमी, व्यास कमी, गाडीही जमिनीजवळ, आणि बदल्यात मिळत काहीच नाही.

सोळा इंचीवर मूळ १९५/५५ सोडायचे सबळ कारण नाही. तरी रुंद हवाच असेल तर २०५/५० आर१६. व्यास ६११, म्हणजे दीड टक्का कमी. त्याने गिअरिंग किंचित आखूड होते, पिकअपला ते बरे वाटते, आणि स्प्रिंगला हात न लावता गाडी पाच मिलिमीटर खाली येते. सगळीकडे सहज मिळणारा २०५/५५ आर१६ दुकानदार आग्रहाने दाखवील. त्याचा व्यास ६३२ आहे. मूळ स्प्रिंगवर तो चालून जातो. पण खाली घेतलेल्या गाडीत मागे तिघे बसले आणि डिकी भरली की खड्ड्यात कमानीच्या अस्तराला घासण्याची शक्यता उरतेच. सतरा इंचीत २१५/४५ घातला तर भिंत ९७ मिलिमीटरवर येते. पावसाळ्यात शहराचा एक फेरा मारून या, टायरला फुगा येण्याची भीती म्हणजे काय ते समजेल. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

लोड इंडेक्स बघायला विसरू नका. १९५/५५ आर१६ वर ८७ असतो, म्हणजे टायरमागे ५४५ किलो. १८५/६० आर१५ वर ८४, म्हणजे ५०० किलो. मूळ आकड्याच्या खाली जायचे नाही. वेगाचे अक्षर एच असले तरी २१० किलोमीटर प्रतितासाची मुभा असते, व्ही म्हणजे २४०. व्हीसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही, मात्र चांगल्या जातीच्या टायरवर बहुधा तेच अक्षर आढळते.

आता कंपनी. जीटीचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १५०० आरपीएमच्या आसपासच पुढच्या दोन चाकांवर येतो. ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून निघताना ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागीच फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकू लागला की दोष बहुतेक वेळा टायरचा असतो. या गाडीला पकड हवी ती ओल्यावर, त्यामुळे आमचा पहिला कौल मिशलिन प्रायमसी ४ एसटीला. ओल्यावर ब्रेक विश्वासाने लागतात आणि एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर आवाजही बेताचा. स्टिअरिंगला सुरुवातीचा प्रतिसाद मात्र जरा मऊ आहे, घाटात तो जाणवतो. कॉन्टिनेन्टल यूसी६ त्याच वळणाचा. ज्याला धार हवी त्याने त्याच कंपनीचा एमसी६ पाहावा. त्याची भिंत ताठ आहे आणि वळणात गाडी लगेच ऐकते, बदल्यात आवाज आणि खडबडीत रस्त्यावरचा दणका सोसावा लागतो. योकोहामा अर्थ-१ कमी पैशांत शांत आणि टिकाऊ, पण नेमकेपणाची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. बजेट आखडते असेल आणि गाडी फक्त शहरात फिरत असेल तर अपोलोच्या अल्नॅक ४जीमध्ये लाज वाटण्यासारखे काही नाही. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ या सगळ्यांच्या वरचा, पण या छोट्या आकारांत तो हाती लागेलच असे नाही. जून २०२०मध्ये केंद्राने टायरची आयात ‘निर्बंधित’ यादीत टाकली, तेव्हापासून आयात मालाच्या आकारांचे गणित बेभरवशाचे झाले आहे. दोन टायर मिळाले, उरलेले दोन ‘पुढच्या आठवड्यात’ असे ऐकू आले तर सौदा करू नका.

दुकानात भिंतीवरचा चार आकडी कोड स्वतः वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा-आठ महिन्यांचा माल चालतो. दीड-दोन वर्षांचा असेल तर किंमत कमी करून मागा किंवा सरळ दुसरे दुकान गाठा. चारही एकदम बदलणे परवडत नसेल तर जोडीने बदला आणि नवी जोडी मागे टाका. गाडी पुढच्या चाकांनी ओढते म्हणून नवे टायर पुढे, असे फिटर ठामपणे सांगेल. पण पाण्याच्या थरावर मागचे टायर आधी सुटले तर गाडी फिरते, आणि ती सावरणे पुढून घसरणारी गाडी सावरण्यापेक्षा फार अवघड. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर आम्ही तरी ठेवणार नाही. नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो, तेव्हा पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट नको. हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. नायट्रोजनचे वेगळे पैसे देण्यात हशील नाही, महिन्यातून दोनदा साधी हवा तपासणे त्याहून कामाचे.

बाहेरच्या रिम घेणाऱ्यांसाठी एवढेच: पोलोचे पीसीडी (बोल्टच्या भोकांचे वर्तुळ) ५ बाय १००, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासावर पाच बोल्ट, मधले भोक ५७.१ मिलिमीटर. बाहेरच्या बहुतेक रिमचे भोक मोठे असते, तिथे फट भरणारी हब रिंग लागते, नाहीतर ८०-९० वर स्टिअरिंग थरथरते. दुसरे म्हणजे फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या रिमची बहुधा शंकूच्या आकाराची. जुनेच बोल्ट आवळले तर ते पुरते बसत नाहीत आणि हळूहळू ढिले होतात. नवे बोल्ट घ्या, १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. न्यूमॅटिक गनने ‘टर्रर्र’ करून सोडणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

आता स्प्रिंग. भारतीय पोलो युरोपातल्यापेक्षा मुद्दाम उंच ठेवलेली आहे. त्यामुळे युरोपातल्या गाडीसाठी ‘३० मिलिमीटर’ लिहिलेला संच इथे जास्त खाली बसू शकतो. आयबाखचा प्रो-किट, एच अँड आर, आणि आपल्याकडे पोलोवाल्यांत बराच खपणारा कोब्रा, यांतले काहीही घ्या, पण विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: भारतीय गाडीवर बसवल्यावर प्रत्यक्ष किती खाली आली, आणि पुढच्या ॲक्सलला किती वजनापर्यंतचा हा संच आहे? दुसरा प्रश्न फार जण विचारत नाहीत. डिझेलचे इंजिन जड, त्यामुळे टीडीआयचे पुढचे स्प्रिंग टीएसआयला लावले तर नाक वर राहते आणि चाल टणक होते. उलट केले तर नाक बसते. ‘पोलोला सगळे चालतात’ म्हणणाऱ्याकडून माल घेऊ नये.

तिघांत निवडायचे तर रोजच्या गाडीला आयबाखचा प्रो-किट. त्याचे वेटोळे सुरुवातीला मऊ आणि दाबले जाईल तसे कडक होत जाते, म्हणून छोट्या खड्ड्यांत चिडचिड होत नाही. कोब्रा त्याहून ताठ वाटतो. एकट्याने चालवणाऱ्याला ते आवडते, मागे आई-वडील बसणार असतील तर त्यांच्याकडून ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आयबाखचाच स्पोर्टलाइन आणखी खाली जातो, तो इथे बाद.

मूळ शॉकअप चालतील का, हा खरा प्रश्न. स्प्रिंग २० टक्के कडक झाला तर त्याला आवरायला शॉकअपचा जोर साधारण १० टक्के जास्त लागतो, कारण हे नाते वर्गमुळाचे आहे. नव्या, धडधाकट शॉकअपमध्ये तेवढी गुंजाईश असते. ७०-८० हजार किलोमीटर पळालेल्यात नसते. मग गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर दोन-तीन वेळा डुलते, आणि मालक स्प्रिंगला दोष देतो. म्हणून जुन्या गाडीत नवे स्प्रिंग आणि जुने शॉकअप ही जोडी नकोच. बिल्स्टाइनमध्ये बी४ मूळ धाटणीचा, बी६ मूळ उंचीसाठी पण जोरकस, आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड दांड्याचा. प्रो-किटसोबत बी८ ही योग्य जोडी, आणि बी१२ नावाने ती एकत्रही विकली जाते. खर्च जड वाटत असेल तर स्प्रिंग पुढे ढकला आणि नुसते शॉकअप बदला. घाटात त्यानेच निम्मे समाधान मिळेल.

आणि स्प्रिंग कापून देणारे कारागीर. वेटोळ्यांची संख्या कमी झाली की ताठरपणा त्याच प्रमाणात वाढतो: सहापैकी एक काम करणारे वेटोळे कापले तर २० टक्के. ऐकायला ठीक वाटते. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबकळले की स्प्रिंग जागचा हलतो. ग्राइंडरने तापलेल्या जागी पोलादही कमकुवत होते, तिथूनच तो तुटतो.

बसवण्याचे काम मागच्या बाजूला सोपे आहे. मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, असून स्प्रिंग शॉकअपपासून वेगळा आहे. गाडी उचलायची, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येऊ न देता बीम खाली सोडायचा, स्प्रिंग हाताने निघतो. वरखालची रबरी बैठक चिरली असेल तर लगेच बदला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, आहे आणि तो हबच्या तोंडात एका बोल्टने आवळलेला असतो. ते तोंड फाकवायला खास हत्यार लागते. ते नसलेला फिटर हातोडा आणि पहार काढतो, आणि बेअरिंगचे नुकसान तिथे होते. गॅरेज ठरवण्याआधी एवढे एकच विचारा. स्ट्रट बाहेर आलाच आहे तर वरचे माउंट, त्याचे बेअरिंग आणि बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारे रबर) नवे टाका, मजुरी पुन्हा पडणार नाही. लिंक रॉडही (सस्पेन्शनचा जोडदांडा) हलवून बघा. स्टिअरिंग फिरवताना येणारी ‘टंग’ बहुधा बेअरिंगची असते, खड्ड्यातली खडखड लिंक रॉडची. कोन मोजून आवळायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच हवेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लिफ्टवर लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो.

अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि स्प्रिंग बसल्यावर पाचशेएक किलोमीटरनी पुन्हा. खाली आलेल्या गाडीत पुढचा टो (चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, आणि तो तसाच राहिला तर टायरची आतली कड बाहेरून न दिसता खलास होते. मागे टो किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवायची सोयच नाही, त्यामुळे अलाइनमेंटच्या कागदावर मागचा आकडा लाल आला म्हणून घाबरू नका. मात्र डावी-उजवीत मोठा फरक असेल तर बीमला आधी कधी तरी मार बसला आहे.

जमिनीपासूनच्या उंचीचा हिशेब असा: मूळ १६५ मिलिमीटरच्या आसपास, त्यातून ३० गेले, गाडीत माणसे बसली की आणखी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नमुन्याचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो सहज पार होतो. सोसायटीच्या दारात सिमेंट ओतून केलेला अरुंद उंचवटा हा खरा शत्रू. खरेदीआधी आपल्या पार्किंगचा उतार आणि तो उंचवटा टेप लावून मोजा.

उरली कागदपत्रे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे गाडीतले बदल ही सरसकट मुभा नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली घेतलेली गाडी सहज ओळखतो. विमा कंपनीला आधीच लेखी कळवा, उत्तर जपून ठेवा. मूळ स्प्रिंग, माउंटसकट, तेलाचा हात फिरवून पोत्यात बांधून माळ्यावर टाका. गाडी विकताना पुढचा मालक ते मागतोच. आणि हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवून घ्या. गाडी पुढून आणि मागून सारखी खाली आली नसेल तर तो बिघडतो आणि समोरच्याला त्रास होतो.