सशाच्या घरापायी गेलेले ११,०६० रुपये

आधी आकडे. ॲडव्हान्स ७,२५०, जीएसटी २,६१०, टेम्पोभाडं १,२००. एकूण ११,०६० रुपये, आणि घरात फळीचा एक तुकडाही आलेला नाही. ओळखीत सांगायला जावं तर पहिला प्रश्न ठरलेला: "सशासाठी? एवढे?" म्हणून नाव न घालता लिहिते आहे. हसायचं असेल तर हसा, पण पुढचं वाचून हसा.

ससा घेतला तेव्हा दुकानदाराने त्याच्याबरोबरच पिंजरा गळ्यात मारला. दोन फुटी, तळाला तारेची जाळी. "लेंड्या खाली पडतात मॅडम, साफ करायला सोपं." पुण्यात बहुतेक ठिकाणी हेच पिंजरे दिसतात. सशाच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून बसून आमच्या कापशाच्या टाचांचे केस गेले आणि कातडी लालभडक झाली. डॉक्टर म्हणाले, जाळी आजपासून बंद, सपाट जमीन द्या, जागा मोठी द्या, आणि घरातच ठेवा. बाल्कनी नको, कारण एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि सशाला तिशीच्या आसपासच त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तर अशा घाईत मी घर शोधत होते. हौस म्हणून नाही.

इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. सशांसाठी लाकडी घरं, मापाप्रमाणे बनवून मिळतील, वर्कशॉप पुण्यातच धायरीला. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलणारा, पहिल्या वाक्यापासून "ताई". अशा जाहिरातींचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण हा माणूस किंमत सांगायच्या आधी प्रश्न विचारत होता. ससा किती किलोचा? एकटा की जोडी? खोलीत पश्चिमेचं ऊन येतं का? फरशी कसली, गुळगुळीत टाइल असेल तर पाय घसरतात. मग म्हणाला, ताई, ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांना तीन मीटर बाय दोन मीटर जागा आणि एक मीटर उंची सांगते, म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा. आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी कुठून आणणार? मी सहा बाय चारचं करून देतो, दार खोलीत उघडेल असं ठेवू. मागच्या पायांवर उभा राहिला तर कान छताला लागता कामा नयेत. तळाला जाळी अजिबात नाही. कुरतडतो, म्हणून आतून वॉर्निश नाही.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी नंतर डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बरोबरच आहे. दुकानात बसून खरा माल विकणाऱ्याने मला जाळीचा पिंजरा दिला आणि या चोराने खरी माहिती दिली. आता सांगा, विश्वास कुणावर बसेल?

किंमत १४,५००. निम्मे आधी. क्यूआर स्कॅन केला तर नाव एका बाईचं आलं. विचारलं, तर "मिसेसच्या नावावर खातं आहे ताई". पुण्यातले निम्मे छोटे धंदे बायकोच्या नावावर चालतात, यात संशय घेण्यासारखं काय आहे? ७,२५० पाठवले. नंतर घर तयार झाल्याचा व्हिडिओ आला. सुंदर घर. मागच्या भिंतीवरचा सॉकेट चौकोनी पिनांचा होता, आपल्याकडे असतो तसा गोल नाही, म्हणजे व्हिडिओच परदेशातला. तो लेकीला दिसला, तेही सगळं झाल्यावर.

आणि मग ते बिल. माझी आतडी पिळवटतात ती या बिलापाशी. मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते, दिवसभर लोकांचे जीएसटी नंबर टाकते. आकडे आणि अक्षरं मिळून पंधराच्या त्या नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. धायरीच्या वर्कशॉपच्या बिलावर नंबर सुरू होत होता ०७ ने. ०७ म्हणजे दिल्ली. वर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी लावलेला, राज्यातल्या राज्यात विक्री असते तसा. दिल्लीचा माणूस पुण्यात माल पाठवेल तर आयजीएसटी लागतो, हे आमच्या ऑफिसातला चहावाला पोरगाही सांगेल. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात खेळ खलास होता.

नाही टाकला. का, तेही ऐका. ती १९ तारखेची रात्र होती. २० ही थ्री-बीची, म्हणजे दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख. दिवसभर पोर्टल लटकत होतं, घरी येऊन जेवले नव्हते, लेकीची परीक्षा, कापशा टाच चाटत कोपऱ्यात बसलेला. त्यात हा सांगतो, टेम्पो भरून उभा आहे, बिल झालंय, जीएसटी आणि भाडं आत्ता टाका म्हणजे सकाळी सातला गाडी दारात. ज्यांनी दिवसभर दोनशे नंबर पाहिलेत त्यांनी रात्री अकराला दोनशे एकावा मोबाइलवर तपासून दाखवावा, मग मला शहाणपण शिकवावं.

सकाळी टेम्पो नाही, फोन. "ताई, ई-वे बिलाचे ३,५०० भरावे लागतील, रिफंडेबल आहेत." तिथे मात्र माझी झोप उडाली. ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, तो पोर्टलवर फुकट निघतो, आणि साडेचौदा हजारांच्या मालाला तो लागतच नाही. हे त्याला सुनावलं तर तोच माझ्यावर चिडला, ऑर्डर कॅन्सल, ॲडव्हान्स जप्त म्हणाला आणि ब्लॉक केलं. धायरीच्या त्या पत्त्यावर दीर जाऊन आले. तिथे पिठाची गिरणी आहे.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, नंतर नाही. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर आले. मी लावला, तक्रारीचा नंबर मिळाला. त्यानंतरची कहाणी फसवणुकीपेक्षा लाजिरवाणी आहे.

चौकीत हवालदारांनी आधी सशाचा फोटो मागितला. तपासासाठी नाही, बघायला. शेजारच्यालाही दाखवला. मग म्हणाले, हा व्यवहार आहे, दिवाणी मामला, वकील बघा. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम आहे ना? तर "मॅडम, तुम्हीच पोलीस स्टेशन चालवा". सायबरवाल्यांकडे गेले, त्यांनी बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट मागितलं. बँकेत गेले, तिथली बाई म्हणते पिन तुम्हीच टाकलात, हा फ्रॉड होत नाही, तरी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं आणा. ११,०६० रुपयांसाठी मी रजा टाकून या खिडकीतून त्या खिडकीत, आणि प्रत्येक खिडकीत "ससा" म्हटलं की हसू. कुणाचा फ्रिज गेला असता तर हसले असते का? एक साहेब तर म्हणाले, एवढ्या पैशात दहा ससे आले असते.

आपल्या हद्दीत येत नाही असं सांगून परत पाठवलं तर हलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मीही खुशीत फॉर्म उघडला. त्यात समोरच्याचा पत्ता मागतात. पिठाच्या गिरणीचा देऊ?

कापशाचं म्हणाल तर तो आता मजेत आहे. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ते घडीचं लोखंडी कुंपण आणलं, तीन फूट उंच, ३,४०० रुपये, दुकानात उभं राहून, हाताने हलवून, माल गाडीत ठेवल्यावर पैसे. खाली जुनी सतरंजी. कोपऱ्यात कमी काठाचा ट्रे, त्यात कागदाचे तुकडे आणि एका बाजूला गवत, कारण ससे खाता खाताच शी करतात. मांजरांची गोळा होणारी वाळू घालू नका, खाल्ली तर आतड्यात अडकते. वायरी वर उचलून बांधा. महागडी लाकडी घरं लागत नाहीत, हे त्या भामट्याने तेवढं सांगितलं नाही.

ते पेज नव्या नावाने परत आलंय. आता पोपटांची घरं, १६,५००. मी रिपोर्ट केलं, उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. खाली कमेंट केली, ती उडवली. ज्यांचे पैसे धायरीच्या या वर्कशॉपला गेलेत त्यांनी आपापल्या तक्रारीत त्याचा यूपीआय आयडी टाइप करून टाका, नुसता स्क्रीनशॉट जोडू नका. वेगवेगळ्या तक्रारींत एकच आयडी दिसला की मग तरी साहेबांना हा दिवाणी मामला वाटणार नाही.