आईची एकटीची मराठी की घरभर मराठी?

आई मराठी, बाबा कन्नड, राहणं बंगळूरला आणि नवराबायकोचं आपसात इंग्रजी. अशा घरात आईने बाळाशी मराठीच बोलावं, यात वाद नाही. प्रश्न त्याच्या पुढचा: मराठी आईपुरती ठेवून बाबांनी कन्नडच बोलायचं, की घरात सगळ्यांनीच मराठी बोलायची?

पहिली वाट जुनी. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल राँझा यांनी आपल्या मुलाच्या फ्रेंच-जर्मन बोलण्याच्या नोंदी १९१३ साली छापल्या, तेव्हापासून ती "एक व्यक्ती, एक भाषा" म्हणून ओळखली जाते. कोणाला नवी भाषा शिकावी लागत नाही, दोन्हीकडचे आजी-आजोबा खूश. दोन-अडीच वर्षं छान जातात.

मग मुलगा म्हणतो, "आई, मी येते."

घरात मराठी बोलणारी एकटी आई. तिच्याकडून "तू येतोस", "बाबा येतात" कानावर पडतं, पण "मी येतो" कोण म्हणणार? मुलगी असली तर हे झाकून जातं. पण "आपण" आणि "आम्ही"चा घोळ तिचाही होतो. मायलेकरांचं सगळं "आपण"च असतं. समोरच्याला वगळून "आम्ही" म्हणायला तिसरं मराठी माणूस लागतं. ते नसलं की फोनवर मावशीला ऐकू येतं, "काल आपण बागेत गेलो."

आजोबा किंवा मामाशी आठवड्यातून तीनदा, पंधरा-वीस मिनिटं व्हिडिओ कॉल केला तर फरक पडतो. त्यात आईनेही त्यांच्याशी बोलत राहायचं. तरी जेवताना पुन्हा इंग्रजीच.

म्हणून आमचा कल दुसरीकडे. बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या १,८९९ कुटुंबांच्या पाहणीत, आईबाप एकेकच भाषा बोलत त्या घरांपैकी साधारण चौथ्या हिश्शात मुलं घरची भाषा बोलतच नव्हती. दोघेही घरात फक्त तीच बोलत तिथे हे क्वचितच. अर्थात बाबांचे आईवडील घरातच असतील, तर पहिली वाट मोडू नये.

मूल "वॉटर" म्हणालं तर "मराठीत बोल" म्हणू नका, ते गप्प होतं. "पाणी हवंय? पेल्यात की बाटलीत?" असं विचारा.

बाबांना रोजची पाच-पन्नास वाक्यं बाळ येण्याआधीच शिकवायला घ्या. कन्नडमध्ये "मी"च्या क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे बायकोचं ऐकून तेही "मी येते"च म्हणतात. आधी येतो, जातो, खातो पक्कं करून घ्या.