रीळ उत्तम, पण रोलरने घात केला: सात महिने आणि सहा सहलींनंतरचा अनुभव

पाचव्या सहलीत, ४० मीटर खोल पाण्यावर, त्या दिवसातला सगळ्यात मोठा मासा माझ्या गळाला लागला आणि रिळाच्या नखाएवढ्या भागामुळे सुटला. म्हणून हे लिहायला बसलोय.

मासा तळाशी होता. आमिष घेतल्याबरोबर त्याने पंधरा-वीस मीटर लाईन ओढली. ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला लाईन सुटू देणारा रिळाचा ब्रेक, नेहमीसारखा गुळगुळीत सुटत होता, पण त्या आवाजाखाली दुसराच एक आवाज ऐकू येत होता, तेल नसलेल्या चाकासारखा, चिर्र चिर्र. ड्रॅग तोलून बसवलेला होता, म्हणून मी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या ओढीला लाईन तुटली. गाठीपाशी नाही, लीडरपाशी (गळाआधीच्या जोडतुकड्यापाशी) नाही, खडकावर घासूनही नाही. माझ्या डोळ्यांसमोर, अगदी रिळाजवळ तुटली आणि रॉडच्या कड्यांतून सळसळत निघून गेली. मासा हातचा गेला याचं वाईट वाटलंच, पण तो साठेक मीटर लाईन मागे फरफटत घेऊन गेला, ते अजून मनातून जात नाही.

शेजारी उभ्या असलेल्या खलाशाने स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या फिरकीवर, उरलेलं टोक बोटांत धरून पाहिलं. टोक पांढरं पडलं होतं, कडक झालं होतं. मग त्याने रोलरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “दादा, रोलर गेलाय तुमचा. फिरतच नाही.”

बेल म्हणजे लाईन स्पूलवर गुंडाळणारी तारेची कमान. तिच्या एका टोकाला असतो तो छोटा चकचकीत दंडगोल म्हणजे रोलर. रॉडवरून आलेली लाईन तिथे काटकोनात वळते आणि स्पूलवर जाते. विकत घेताना मी ड्रॅग पाहिला, गिअर पाहिले, वजन पाहिलं. रोलर फिरवून पाहायचं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आम्ही सहा मित्र दर महिना-दीड महिन्याने दिवसभरासाठी अख्खी बोट ठरवतो आणि भाडं सहा भागांत वाटून घेतो. पहिल्या दोन-तीन वेळा बोटीवरचेच रॉड वापरले. भाड्यातच मिळतात, त्यामुळे तक्रार करायला तोंड नसतं, पण ती रिळं सगळ्यांच्या हाताखालून गेलेली असतात. ड्रॅग आधी अडकतो आणि मग एकदम सुटतो. वाहत्या बोटीवर सहा गळ पाण्यात असताना एकाचा मासा आडवा पळाला की चार लायनींचा गुंता होतो आणि अर्धा तास खलाशी तो सोडवत बसतो. म्हणून स्वतःचं रीळ घ्यायचं ठरवलं. मी वस्तू घेतो ती एकदाच घेतो आणि झिजेपर्यंत वापरतो. त्यामुळे स्वस्तातलं दोन वर्षांत टाकण्यापेक्षा मधल्या किमतीचं दहा वर्षं चालवावं, असा हिशोब केला. ५००० आकाराचं आहे, गिअर ५.६:१, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात बेल स्पूलभोवती ५.६ वेळा फिरते.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. ड्रॅगला तोड नाही. माझी ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) लाईन १४ किलोपर्यंत ताण सोसणारी आहे. ताण मोजायच्या काट्याला लाईन बांधून मी ड्रॅग ४ किलोवर ठेवतो. सुटायला लागतानाचा काटा आणि सुटत असतानाचा काटा यांत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. दुसऱ्या सहलीत आमच्यातल्या एका मित्राने आयुष्यातला पहिला मोठा मासा याच रिळावर काढला. त्याला ड्रॅग म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मी फक्त म्हणत होतो, “तू मूठ फिरवू नकोस, त्याला जाऊ दे, तो थांबला की मग घे.” बाकी सगळं रिळाने सांभाळलं. त्या दिवशी घरी येऊन मी याला पाचपैकी पाच देऊन टाकले होते.

बेल हाताने बंद केली तर घट्ट बसते. मूठ एकदा फिरवली की ९० सेंटिमीटरच्या आसपास लाईन येते, त्यामुळे किती फेरे झाले ते मोजून गळ किती खोल आहे ते कळतं. वजनाने मनगट भरून येतं, पण दिवसभर वापरलं तर कुठलंही येईल.

आता रोलर. यावर मी गेले दोन महिने घालवलेत, तेव्हा सविस्तर लिहितो.

रोलर फिरत असेल तर लाईन त्याच्यासोबत वळते, घासली जात नाही. जाम झाला की तीच लाईन थांबलेल्या धातूवरून ताणाखाली घासत जाते. ब्रेडेड लाईन पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते आणि तो धागा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो. नायलॉन २०० अंशांच्या पुढे टिकतो. म्हणजे ताणाला सगळ्यात मजबूत लाईन उष्णतेला सगळ्यात नाजूक. मोठा मासा वेगाने पळतो तेव्हा नेमकी एकाच ठिकाणी उष्णता तयार होते.

दुसरी गोष्ट मला नंतर उमगली. ड्रॅगची पकड स्पूलच्या आसावर असते. लाईन जसजशी बाहेर जाते तसा स्पूलवरचा भरणा बारीक होतो आणि तोच ड्रॅग लाईनला जास्त ताण देतो. भरण्याचा व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. माझा इतका बारीक झाला नव्हता, पण ४ किलोवर लावलेला ड्रॅग तिसऱ्या ओढीला ४ किलोवर नक्कीच नव्हता. त्यात जाम रोलरचं घर्षण. १४ किलोची लाईन कशी तुटली, याचं उत्तर मला इथे मिळालं.

घरी येऊन रोलर उघडला. एक स्क्रू, दोन वॉशर, आत एक बेअरिंग. आतला व्यास ४ मिलिमीटर, बाहेरचा ७, जाडी २.५. तांबूस लगद्यात गोळ्या रुतून बसल्या होत्या. बाहेरून रीळ नव्यासारखं चमकत होतं.

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय की रीळ खाऱ्या पाण्यासाठी आहे आणि ‘आयपीएक्स ५’ दर्जाचं, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारं आहे. पत्रक पुन्हा वाचलं, तर बारीक अक्षरांत सापडलं: हा दर्जा बॉडी आणि स्पूलपुरता. रोलर त्यात नाही. शिवाय ‘आयपीएक्स ५’ची चाचणी म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा, किमान तीन मिनिटं, आणि तोही गोड्या पाण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. ते आत वाळले की काय होतं, याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही.

सर्व्हिस सेंटरला रीळ दिलं. वॉरंटी वर्षाची, मी पाचव्या महिन्यात गेलेलो. चार आठवड्यांनी उत्तर आलं: ‘क्षार साचल्याने बिघाड, वापरकर्त्याचा निष्काळजीपणा, वॉरंटीत बसत नाही.’ खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूत क्षार साचले म्हणून वॉरंटी नाही! मी फोन केला, मेल केले, खोक्याचे फोटो पाठवले. शेवटी म्हणाले, बेअरिंग सुटं मिळणार नाही, पूर्ण बेल आर्म बदलून घ्या. ४ बाय ७ बाय २.५ हे बेअरिंगचं सर्रास मिळणारं माप आहे. एवढ्याशा बेअरिंगसाठी सबंध आर्मचे पैसे मी देणार नव्हतो. रीळ तसंच परत आणलं.

इथपर्यंतचा मजकूर मी दीड महिन्यापूर्वी लिहिला होता आणि खाली पाचपैकी एक दिला होता. तो आकडा आता बदलतोय. का, ते सांगतो.

आमच्यातल्या एका मित्राकडे हेच मॉडेल आहे. दोघांनी एकाच आठवड्यात घेतलं, त्याच पाच सहली दोघांनी केल्या. त्याचा रोलर मी बोटाने फिरवून पाहिला, तर भिंगरीसारखा फिरला. मी विचारलं, “तू नेमकं करतोस काय?” तो म्हणाला, “अरे, विशेष काही नाही. परतताना बाटलीतलं थोडं गोडं पाणी रोलरवर ओततो. घरी गेल्यावर तेलाचा एक थेंब.”

मी रीळ धूत नव्हतो असं नाही. दर वेळी धूत होतो, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि जोरदार फवाऱ्याने. बोटीवरून उतरायचं, सामान गाडीत टाकायचं, दमून झोपायचं, यात वीस तास जायचे. तोवर पाणी उडून बेअरिंगमध्ये मिठाचे कण उरायचे. मीठ एकदा आत बसलं की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पुन्हा पाणी ओढून घेतं, म्हणजे बंद कपाटातही बेअरिंग खाऱ्या पाण्यातच भिजत राहतं. आणि फवाऱ्याचा जोर मीठ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो. बेअरिंगचं पोलाद गंजरोधक म्हणतात खरं, पण गोळ्यांना लागणारा कठीणपणा असलेलं पोलाद मिठापुढे साध्या स्टेनलेसपेक्षा लवकर हार मानतं.

तेव्हा अर्धी चूक माझी, हे मान्य. उरलेली अर्धी मी कंपनीला सोडणार नाही. पत्रकात ड्रॅगची निगा आहे, मुठीची आहे, रोलरला तेल द्या असं एक वाक्य नाही. आकृतीत त्याला फक्त नंबर आहे. माझ्या मित्राला हे पत्रकाने शिकवलं नाही, बोटीच्या तांडेलाने शिकवलं.

बेअरिंग मी स्वतः बदललं. दोन घेतली. लागलेली रक्कम कंपनीने सांगितलेल्या आर्मच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: रीळ ताटात किंवा टॉवेलवर ठेवूनच उघडा, वॉशर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक आहेत. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, एक वॉशर उलटा बसला तरी रोलर अडतो. बोटीवर तर अजिबात उघडू नका. आणि नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबू नका. तो आतलं ग्रीस धुऊन नेतो आणि चार दिवसांत बेअरिंग कोरडं पडतं.

धुण्याची माझी पद्धत आता अशी आहे. परतीच्या वाटेवर, बोट अजून पाण्यात असतानाच, रोलरवर गोडं पाणी. घरी पोचल्यावर ड्रॅग पूर्ण आवळायचा, म्हणजे पाणी ड्रॅगच्या आतल्या चकत्यांत शिरत नाही, मग नळाच्या बारीक धारेखाली रीळ धुवायचं. पुसून ड्रॅग सैल करायचा, रात्रभर वाऱ्यावर ठेवायचं, सकाळी रोलरला तेल.

रोलरवर मार्करने एक काळा ठिपका दिलाय. गळ टाकण्याआधी लाईन थोडी ताणून ओढायची. ठिपका फिरला तर ठीक. लाईन सरकतेय आणि ठिपका जागेवर असेल तर ते रीळ मोठ्या माशासाठी वापरू नका. रीळ नवं असलं तरी हे करा.

सहावी सहल गेल्या महिन्यात झाली. समुद्र खवळलेला होता. एका मित्राला बोट लागली. तो केबिनमध्ये जाऊन आडवा पडला आणि त्याने त्रास आणखी वाढला. बाहेर बोटीच्या मध्यभागी, क्षितिजाकडे बघत बसवल्यावर तासाभरात सावरला. मासे बेताचेच लागले. मला दोन, दोन्ही मध्यम. दुसरा खोलवरून वर आणेपर्यंत मी माशाकडे कमी आणि ठिपक्याकडे जास्त बघत होतो. ठिपका फिरत होता. चिरचिर नव्हती.

आता पाचपैकी साडेतीन देतो. ड्रॅगसाठी पूर्ण देता आले असते. दीड कापलाय तो रोलरसाठी आणि त्या चार आठवड्यांनी आलेल्या उत्तरासाठी. कंपनीला शेवटचा मेल पाठवलाय: बेअरिंग सुटं विका आणि पत्रकात तेलाचं एक वाक्य घाला. उत्तर आलं तर इथेच खाली लिहीन.

दुसरं बेअरिंग हेच मॉडेल असलेल्या मित्राला देऊन टाकलं. त्याचा रोलर अजून फिरतोय, पण त्याने ते ठेवून घेतलं.